'डेको'चे व्याकरण

शब्दांच्या देवाणघेवाणीचा विचार आपल्याकडे बहुधा व्युत्पत्तीपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. अमुक शब्द फारसी, तमुक पोर्तुगीज, एवढे सांगितले की अभ्यास पुरा झाला असे मानण्याची रूढी आहे. वस्तुतः शब्द कोणत्या भाषेतून आला याइतकेच तो कोणत्या रूपात आला हेही महत्त्वाचे असते. 'पाहणे' या क्रियेसाठी इंग्रजीत रूढ झालेले शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

'सी', 'लुक' आणि 'वॉच' हे प्राचीन इंग्रजीपासूनचे, घरचे शब्द. 'वॉच' आणि जागे होणे या अर्थाचा 'वेक' यांचे मूळ एकच. आपला 'जागता पहारा' येथे आठवावा. पुढे यांवर थर चढले. फ्रेंच राज्यक्रांतीतील देखरेख-समित्यांच्या पाठोपाठ, १८०० च्या सुमारास, 'सर्व्हेलन्स' हा शब्द आला. तो राजकीय लेखनाच्या वाटेने आला; म्हणून मूळचे नामरूप आणि शासकीय प्रतिष्ठा दोन्ही राखून राहिला.

याउलट 'डेको'ची गोष्ट. 'जरा नजर टाक' या अर्थी 'हॅव अ डेको' असे इंग्रज शिपाई म्हणू लागला. या शब्दाचे मूळ हिंदुस्थानी 'देखो'. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात त्याचे 'डेक' हे रूप नोंदलेले असून ते 'देखना'चा आज्ञार्थ असल्याचे सांगितले आहे. म्हणजे येथे धातू उसना घेतलेला नाही. आज्ञा उसनी घेतली आहे, आणि इंग्रजीने तिचे नाम केले. हा अपवाद नव्हे. 'बनाओ', 'लगाओ', 'पकडो' यांसारखी आज्ञार्थी रूपेही अँग्लो-इंडियन बोलीत मूळ क्रियापदासारखी वापरली गेली. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटिश हवाई दलाच्या बोलीत शिरलेला 'शुफ्ती' हा शब्दही अरबीतील 'पाहिलेस का?' अशा द्वितीयपुरुषी रूपातून आल्याचे मानले जाते.

यावर असा आक्षेप येईल की, आज्ञार्थ हे सर्वांत आखूड रूप, ते उच्चारास सोपे म्हणून उचलले गेले. हे अंशतः खरे आहे. परंतु 'लूट' हा तितकाच आखूड शब्द नामरूपातच इंग्रजीत गेला. तेव्हा केवळ आखूडपणाने उलगडा होत नाही. छावणीतील बराकीत, बाजारात, नोकराचाकरांशी होणाऱ्या बोलण्यात दोन्ही बाजूंच्या कानांवर प्रामुख्याने पडत होते ते हुकूम आणि हाका. ज्या संबंधात संभाषण नसते, त्यात क्रियापदाची इतर रूपे कानी येण्यास वावच नसतो. 'डेको'चे व्याकरण हे त्या संबंधाचेच व्याकरण आहे.

म्हणूनच 'आपण इंग्रजीला शब्द दिला' हा अभिमान मला अनाठायी वाटतो. 'डेको'ला ग्रांथिक इंग्रजीत कधी मानाचे स्थान मिळाले नाही. लंडनच्या कॉकनी यमकबोलीत 'लुक'साठी 'बुचर्स हुक' आणि मग यमकच गाळून नुसते 'बुचर्स' म्हणतात. 'डेको' बसला तो अशाच शब्दांच्या पंगतीला. शिवाय पुणे आणि खडकी येथे मोठ्या छावण्या असूनही शिपायाने उचलले ते 'देखो', 'बघा' नव्हे. कारण लष्कराची व्यवहारभाषा हिंदुस्थानी होती. मराठीला स्वतःचे 'देखणे' होते. ते आज मुख्यतः 'देखणा', 'देखावा', 'देखरेख', 'डोळ्यांदेखत' अशा शब्दांत उरले आहे. पण इंग्रजीपर्यंत पोचले ते मराठीचे नव्हे.

मराठीतील आगत शब्दांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मूळ भाषेच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखावेत : शब्द कोणत्या रूपात आला आणि तो प्रथम कोणाच्या तोंडी होता. ग्राम्य किंवा बाजारू म्हणून जे शब्द आपण आजवर याद्यांतून वगळत आलो, त्यांच्याविषयी हे दोन रकाने सर्वांत अधिक बोलतील. शब्दाचे मूळ त्याचे कुळ सांगते. त्याचे रूप मात्र तो ज्या भेटीत हस्तांतरित झाला त्या भेटीची साक्ष देते, आणि भाषेच्या सामाजिक इतिहासाला ही साक्ष डावलून चालणार नाही.