साचेखात्यातली बोली

आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले काका, लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. १९६५ साली अठराव्या वर्षी गेले आणि १९८२ च्या संपात गावी परतले. गेल्या हिवाळ्यात त्यांचे डोळे दाखवायला मुंबईला जायचं होतं. वैभववाडीहून तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरलो, डॉक्टरांचं काम उरकलं आणि तात्या म्हणाले, "गिरणीत जावन येवया."

गिरणी आता नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते गिरणीतच जायचं म्हणाले.

आवारात शिरलो. एका बाजूला काचेची कार्यालयं, दुसऱ्या बाजूला जुन्या विटांच्या भिंती तशाच ठेवून केलेली उपाहारगृहं. पोरंपोरी फोटो काढत होती. आम्ही एका ठिकाणी आत जाऊन बसलो, तर तात्या छपराकडे बघत राहिले. करवतीच्या दात्यांसारखं ते छप्पर अजून शाबूत होतं. त्याच्या काचा उत्तरेला असतात, कारण कापड विणायला सगळीकडे सारखा उजेड लागतो आणि थेट ऊन चालत नाही. सूतखातं माडीवर चालायचं, पण साचे कायम तळाला, कारण शेकडो साचे एकदम धडधडले की जमीन हादरते. हे मला त्या दिवशी कळलं. तात्यांनी खांब मोजले, पाचव्या खांबापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हंय माजे साचे."

तेवढ्यात संगीताचा आवाज वाढला. मला शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, सगळेच एकमेकांच्या कानाशी ओरडू लागले. तात्यांनी मात्र पाचव्या खांबापासून माझ्याकडे बघत नुसते ओठ हलवले, दोन बोटं उभी केली आणि मनगट फिरवलं. मला काहीच समजलं नाही. जवळ येऊन त्यांनी सांगितलं: 'दोन चहा सांग.' साचेखात्यात सतरा वर्षं ते असंच बोलले होते. तिथे आवाजाचा उपयोगच नसायचा. बॉबिन संपली, जॉबर म्हणजे मुकादम येतोय, सूत तुटलं, गावाहून कागद आला, सगळं ओठांनी आणि हातांनी. त्या खोलीत त्या घडीला नीट बोलता येणारा एकच माणूस होता आणि त्याची बोली समजणारं कोणी नव्हतं. मीसुद्धा नाही, ज्याचं शिक्षण त्या साच्यांच्या पैशांवर झालं.

गिरणगाव मुंबईत असलं तरी त्याची अर्धी घरं आमच्याकडे होती. करूळ, नाधवडे, कोकिसरे, खांबाळे, उंबर्डे, यांतलं कुठलंही गाव घ्या. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की वाण्याची उधारी फिटायची. आमच्या घराचे चिरे बोनसच्या पैशांतून आले. तिकडे गावकीचा गाळा असायचा. एका खोलीत वीस-पंचवीस जण, भिंतीला ट्रंका, झोपायचं ते पाळीप्रमाणे. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीवरून आलेला आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. या बायकांचं कर्ज सावकाराकडून सुटावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणगावाचा इतिहास सांगताना या बायका नेहमी मागे राहतात, म्हणून मुद्दाम लिहितो. त्यांच्या भाकरीवर गिरण्या चालल्या.

त्या दिवसांत सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. साच्याचा पगार सूतखात्यापेक्षा बरा, पण धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. उष्ट्याचा विटाळ पुढे करून दलित कामगारांना साचेखात्यात घेतलं जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न धसास लावला. आमच्या आळीतली माणसं ज्या खात्याचा अभिमान सांगत, त्याच खात्याचं दार गावातल्याच दुसऱ्या वाडीला बंद होतं. आठवणी जपायच्या तर ही पण जपली पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांचा. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. चाकरमानी गावी आले ते 'चार दिवस वाट बघू' म्हणून. तात्यांनी ट्रंक वर्षभर उघडलीच नाही, परत न्यायची होती. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झाली नाही आणि बोलावणंही आलं नाही.

पुढे जमिनीचं राजकारण झालं. १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लावली गेली. जिथे शेड उभी होती ती जमीन हिशेबातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. माझ्या मते गिरणगावाचं भवितव्य संपाने जेवढं ठरवलं, तेवढंच या एका दुरुस्तीने ठरवलं. घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. अर्ज दीड लाखांच्या वर, आणि घर मिळालेले त्यातले फार थोडे. तात्यांचा अर्ज अजून फाईलमध्ये आहे.

नव्या वस्तीचा मला राग नाही. तिथे हजारो मुलांना काम मिळालं, आमच्या तालुक्यातल्याही. पण ज्या चिंचोळ्या रस्त्यांवर आणि जिन्यांवर कामगार पाळीने ये-जा करायचे, तिथेच लाखोंची गर्दी आली. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ जण गेले. बरोबर तीन महिन्यांनी कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या आगीत १४ जण. बहुतेक तरुण. जुनी जागा नव्या कामाला देताना माणसांची काळजी आधी घ्यायला हवी होती.

अमेरिकेत लोवेल नावाचं गिरण्यांचं गाव आहे. तिथे १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. तिथल्या बूट गिरणीत जुने साचे आजही चालवून दाखवतात आणि बघणाऱ्यांच्या हातात आधी कानात घालायचे बोळे देतात. तो आवाज पर्यटकाला ऐकू येतो. आपल्याकडे काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलंय. तिथे साचे नुसते मांडून न ठेवता चालवावेत आणि शेजारी एखादा जुना साचेवाला उभा करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. ही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

पर्यटन आमच्या दारातही आलंय. नापण्याच्या बारमाही धबधब्यावर २०२५ मध्ये काचेचा पूल झाला आणि करूळ घाटातून कोल्हापूरच्या गाड्या उतरू लागल्या. मला आनंद आहे. फक्त जागा कोणाच्या नावावर राहते, गाड्या लावायचे पैसे कोण घेतो आणि भाकरी-उसळ कोणाच्या चुलीवर होते, हे गावाने आत्ताच ग्रामसभेत ठरवून घ्यावं. परळमध्ये हे प्रश्न कामगारांना विचारलेच गेले नाहीत.

गावी परतल्यावर तात्यांनी ट्रंकेतून पितळी बिल्ला काढून दाखवला. मी त्यांच्याकडून एक एक खूण शिकतोय आणि वहीत लिहून ठेवतोय. संध्याकाळी दिवे लागले की ते खळ्यात बसतात, मी ओसरीवर, आणि मधे कोणी बोलत नाही. आतापर्यंत सव्वीस खुणा झाल्या. काल त्यांनी तळहात छातीला लावून मग दूर दाखवला, आणि पुन्हा एकदा दाखवला, कारण मला पहिल्यांदा कळलं नव्हतं: 'गावाहून कागद आला.'