कंपनी बदलली, तार तीच



रविवारी अभिषेक झाल्यावर पुन्हा तोच विषय निघाला. "अगं, तू अजून त्याच वीज कंपनीत? आम्ही बदलली, युनिट स्वस्त पडतं!" मंदिरात वाद नको म्हणून गप्प बसले. इथे मात्र बोलणार.

मीही एकदा बदलली होती. मुंबईच्या उपनगरांत ही सोय आहे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला घरगुती ग्राहकांनाही वीज विकता येईल असा निकाल दिला, आणि 2009 साली वीज नियामक आयोगाने एका कंपनीच्या तारांवरून दुसरीची वीज घ्यायची वाट मोकळी केली. म्हणजे तार तीच, खालचा ट्रान्सफॉर्मर तोच, फक्त बिलावरचं नाव वेगळं. दोन्हींचे दरही आयोगच मंजूर करतो. ही काही भाजीवाल्याशी घासाघीस नव्हे.

मी मूर्खासारखा फक्त 'वीज आकार' पाहिला. वहन आकार तारांच्या मालकाचा, तो द्यावाच लागला. पुढे अधिभारही लागला. कारण असं, की जास्त वीज वापरणारे निघून गेले तर 100 युनिटांच्या आतल्या घरांना मिळणारी सवलत भरून कोण काढणार? म्हणून जाणाऱ्यांकडून वसुली. माझी बचत जवळपास तिथेच संपली. (दोन एसींपैकी एक बंद केला तेव्हा जास्त वाचले. अपरिग्रहाचा असाही उपयोग!)

पण अधिभार मला चुकीचा वाटत नाही. राग येतो तो "सगळीकडे स्पर्धा आणा, वीज स्वस्त होईल" म्हणणाऱ्यांचा. माझी जाऊ सांगली जिल्ह्यात राहते, महावितरणची ग्राहक. तिचं बिल आवाक्यात आहे, कारण दुकानं, कारखाने आणि आपल्यासारखी घरं युनिटला जास्त देतात. नवी कंपनी आली तर आधी कोणाचं दार वाजवेल? कारखान्याचं, की जाऊबाईंचं? 8 ऑगस्ट 2022 ला लोकसभेत आलेल्या विधेयकात एकाच तारेवर अनेक कंपन्यांची कल्पना होती. सवलतीसाठी निधीही सुचवला होता, पण त्या निधीत पैसे कमी पडले तर भुर्दंड कोणाला, हे मला कोणी सांगावं. ते पुढे स्थायी समितीकडे गेलं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये 2002 पासून ग्राहक कंपनी निवडतात. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत घाऊक दर युनिटला 9 डॉलरपर्यंत गेला, आणि बाजारभावाची योजना घेतलेल्या घरांना हजारो डॉलरची बिलं आली. निवड त्यांनीच केली होती ना!

दरवाढीआधी आयोगाच्या जनसुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात येते. ती आपण पुरुषांचं काम म्हणून रद्दीत घालतो. पुढची आली की तारीख इथे टाकते. तोवर मे महिन्याचं बिल शोधून ठेवा, मागची बाजूसुद्धा वाचा.