विदा आवारात, म्हणून सुरक्षित?

सरकारी संशोधन संस्थांत क्लाउडचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: विदा आपल्याच आवारात हवी. त्यामागची काळजी खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा विदा संस्थेच्याच सर्व्हरवर होती. तरी सुमारे १.३ टेराबाइट विदा कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस नोंदी हाताने कराव्या लागल्या. सरकारने संसदेत कारण दिले ते नेटवर्कच्या सदोष विभागणीचे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी विदा केंद्राला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या फायलींची ८५८ टेराबाइटची साठवण नष्ट झाली, कारण दुसऱ्या गावी तिची प्रतच नव्हती. दोन्हीकडे जागा सरकारचीच होती.

विदा परदेशी जाईल, ही भीती अर्धीच खरी आहे. केंद्र सरकारच्या सूचीतल्या क्लाउड कंपन्यांना ती भारतातच ठेवावी लागते. मात्र अमेरिकी कंपनी २०१८ च्या अमेरिकी कायद्यामुळे तिथल्या तपासयंत्रणांना बांधील राहतेच. म्हणून जनुकीय आणि सामरिक विदा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘मेघराज’ या सरकारी क्लाउडवर किंवा संस्थेतच असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. नासाने पृथ्वी-निरीक्षणाची विदा क्लाउडवर न्यायला घेतली, तेव्हा तिच्याच महानिरीक्षकांनी २०२० मध्ये इशारा दिला: शास्त्रज्ञ विदा बाहेर उतरवून घेतील तसे शुल्क वाढत जाईल. शिवाय पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ महासंगणक हवामानाच्या कामाला अखंड जुंपलेला असतो. असे यंत्र स्वतःचेच हवे.

पण लहान प्रयोगशाळेचे काय? तिथे गणनेची गरज वर्षातून काही आठवडे उसळते. एरवी मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून घाईने घेतलेला सर्व्हर वातानुकूलित खोलीत वीज खात बसतो, आणि वॉरंटी संपली की त्याला वाली उरत नाही. तो सांभाळणारा माणूस कंत्राटी, वर्षभरात निघून जाणारा. अशा प्रयोगशाळेला हवी तेवढीच, हवी तेव्हा मिळणारी गणनक्षमता भाड्याने मिळाली, तर संशोधकाचा वेळ संशोधनाला उरेल.

खरी अडचण लेखाशीर्षाची आहे. अनुदानात ‘उपकरणे’ असतात. क्लाउडचे दरमहा बदलणारे बिल मात्र आवर्ती खर्चात बसवताना लेखा विभाग आणि संशोधक दोघेही हैराण होतात. निधी देणाऱ्या संस्थांनी गणन-भाड्याचे स्वतंत्र शीर्ष उघडावे. विदा बाहेर काढण्याचा दर आणि करार संपताना ती खुल्या स्वरूपात परत मिळण्याची अट निविदेतच लिहावी, सही झाल्यावर मागू नये.