शंखातली पाहुणी



आजची गोष्ट मुंबईची आहे. पण तिच्यातला धोका आपल्या बांधाचा आहे.

मागल्या श्रावणात परळला बहिणीकडे उतरलो होतो. चाळीमागच्या पपईच्या खोडावर बोटाएवढाले तपकिरी शंख चिकटलेले. दिवसा गप्प, रात्री पावसात खाली उतरून झेंडू फस्त करायचे. भिंतीचा चुनासुद्धा खरवडलेला. भाचा म्हणाला, "मामा, केवढी गोगलगाय बघ!" आणि ती हातावर घेऊन नाचू लागला.

ही आफ्रिकन गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेची. बेन्सन नावाच्या शंखअभ्यासक साहेबाने १८४७ साली ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, आणि पुढे ती देशभर पसरली. शंख निमुळता, तीन-चार इंच लांब. एकाच जिवात नर-मादी दोन्ही. एका वेळी शंभर-दोनशे अंडी. शंखाला चुना लागतो, म्हणून भिंती खरवडते. उन्हाळ्यात तोंडावर पापुद्रा ओढून मातीत झोपते आणि पहिल्या पावसाला जागी होते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत गोगलगाईंनी कोवळे सोयाबीन खाल्ले आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली.

बहीण गणपतीला कोकणात सासरी निघाली होती. सासूबाईंसाठी जास्वंदाची कुंडी बांधून ठेवलेली. मी कडेची माती उकरली, तर आत साबुदाण्यासारखी पिवळट अंडी! ती कुंडी एसटीत चढली असती, तर पाहुणी थेट परसात उतरली असती. अंडी ठेचली. जास्वंदाची एक फांदी धुऊन ओल्या फडक्यात दिली. सासूबाईंचे जास्वंद चुकले नाही.

तुमच्याकडे ही दिसली तर काय कराल? संध्याकाळी शेतात गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे पसरा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. उघड्या हाताने धरू नका. हिच्या अंगात माणसाच्या मेंदूला सूज आणणारी कृमी असू शकते. पोरांना आधी सांगा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. पण कुत्र्याने, कोंबडीने खाल्ल्या तर जीव जातो. रिकामे शंखही पुरा, त्यांत पाणी साचून डास होतात.

मात्र झाडावरची प्रत्येक गोगलगाय वैरीण नव्हे. ताहितीजवळच्या मूरेआ बेटावर पार्तुला नावाच्या इवल्या गोगलगाई झाडांवर राहत. लोक त्यांच्या शंखांच्या माळा करीत. आफ्रिकन गोगलगाय संपवायला १९७७ साली तिथे मांसखाऊ गोगलगाय सोडली. तिने पार्तुलाचाच फडशा पाडला. दहा वर्षांत बेटावरच्या रानातून त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या थोड्यांची पिले आता रानात परत सोडतात.

म्हणून आपल्या झाडांवरच्या लहान देशी गोगलगाई राहू द्या. आणि यंदा मुंबईचा पाहुणा कुंडी घेऊन आला, तर चहा देण्याआधी तिची माती उकरून पाहा. पाहुणा रागावणार नाही.