व्हिडिओचा फेरफार

सातबारा पाहिला की जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते कळतं. ती त्याच्याकडे कशी आली, हे फेरफारात शोधावं लागतं. डिजिटल व्हिडिओचंही तसंच आहे. फाइल उघडली की रेझोल्यूशन, कोडेक, फ्रेमरेट सगळं दिसतं. पण मूळ रिळापासून इथवर येताना तिच्यावर काय काय झालं, ते एन्कोडिंगच्या लॉग फाइलमध्ये असतं. काम संपलं की तीच सर्रास पुसली जाते. जुने चित्रपट, नाटकं, मैफली यांचं डिजिटायझेशन सार्वजनिक पैशातून होतं, तिथे तरी लॉग हाती आल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बोलपट चित्रित होतो सेकंदाला 24 फ्रेमने. आपल्या टीव्हीची जुनी पाल पद्धत 25 फ्रेमची. ही जुळणी दोन प्रकारे होते. एकात दर सेकंदाला एक फ्रेम दुबार घालतात. दहा मिनिटांच्या 14,400 फ्रेमच्या 15,000 होतात आणि एफएफएमपेग या एन्कोडिंगच्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये शेवटी ‘डुप=600’ असा आकडा उमटतो. कॅमेरा संथ फिरतो तिथे चित्र बारीक हिसके देतं, ते याचमुळे. दुसऱ्या प्रकारात सगळा चित्रपटच चार टक्के जास्त वेगाने पळवतात. आवाज वेगळा सांभाळला नाही, तर सूरही चढतो: काळी एकमधला अभंग जवळजवळ पांढरी दोनला जाऊन भिडतो. 1936च्या ‘संत तुकाराम’ची अशी प्रत पन्नास वर्षांनी कुणा अभ्यासकाच्या हाती पडली, तर विष्णुपंत पागनीस खरंच त्या पट्टीत गायले की यंत्राने त्यांना चढवलं, हे तो कशावरून ठरवणार?

मूळ रीळ पुन्हा स्कॅन करता येईल, असं म्हणणाऱ्यांनी पुण्यातली 2003 सालची आग आठवावी. तिच्यात जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा खाक झाला. तपशील फाइलमध्येच असतात, हा दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. एक्स264 हा एन्कोडर आपली सेटिंग्ज व्हिडिओत लिहून ठेवतो. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी कोणत्या फ्रेम दुबार झाल्या, टेप वाचताना कुठे चूक आली, हे त्याला ठाऊकच नसतं. शिवाय पुन्हा एन्कोड केलं की आधीची नोंदही सहसा उरत नाही. लॉगमधल्या बहुतेक सूचना निरुपद्रवी असतात, त्या रोज कोणी वाचत नाही, हेही मान्य. फेरफार तरी रोज कोण वाचतं? वाद निघाला की तोच काढावा लागतो. जागेचा प्रश्न तर नाहीच, कारण कित्येक जीबींच्या व्हिडिओशेजारी ही साधी मजकुराची फाइल असते. संगणकावरच्या फोल्डरांची आणि माणसांची नावं तिच्यात येतात, ही अडचण मात्र खरी आहे. ती नावं झाकावीत. दिलेली कमांड, सॉफ्टवेअरची आवृत्ती, इशारे आणि फ्रेमचे आकडे जसेच्या तसे ठेवावेत. त्यासाठी करारात एवढं कलम पुरे: प्रत्येक व्हिडिओसोबत त्याच नावाची लॉग फाइल.