पावसाआधीची हवा मोजा

विदर्भात उन्हाळ्यातली वादळं बहुधा दुपारी तीन-चारच्या सुमारास उभी राहतात. वरच्या हवेतलं बाष्प मोजणारा फुगा मात्र आपण पहाटे साडेपाचच्या वेधासाठी सोडतो, आणि पुढचा संध्याकाळी साडेपाचच्या. मधल्या बारा तासांत जमिनीपासून दोन-तीन किलोमीटरपर्यंतची दमट हवा कशी बदलत गेली, हे आपल्याला पुरेशा बारकाईने कळत नाही. ही उणीव भरून काढणारं लेसरचं यंत्र आज तयार आहे. ते नागपुरात बसवलं पाहिजे.

हे मी नोकरीतल्या अनुभवावरून लिहितो आहे. सोनेगावच्या वेधशाळेत मी अनेक वर्षं हे फुगे सोडले. रबरी फुग्यात हायड्रोजन भरायचा, दोरीला रेडिओसोंडची डबी बांधायची, वाऱ्याचा रोख बघून हात सोडायचा. वर जाता जाता डबी तापमान आणि आर्द्रता रेडिओवरून कळवत राहते. ते आकडे टेफीग्रामवर, म्हणजे उंचीनुसार तापमान आणि आर्द्रता दाखवणाऱ्या आलेखावर, मांडताना एक गोष्ट मनात पक्की बसली. एप्रिलमधल्या दोन सकाळी जमिनीवर सारख्याच असू शकतात. पारा तोच, आर्द्रता तीच. पण एका दिवशी दमट हवेचा थर जेमतेम पाचशे मीटर असतो. ऊन चढलं की वरची कोरडी हवा त्यात मिसळते आणि दुपार नुसती रखरखीत जाते. दुसऱ्या दिवशी तोच थर दीड-दोन किलोमीटर जाड असतो, आणि काटोल-वरुडच्या संत्राबागांवर गारा कोसळतात. कधी सकाळी पातळ असलेला थर बंगालच्या उपसागराकडून आलेल्या वाऱ्याने दुपारपर्यंत जाड होतो. अशा दिवशी सकाळचा टेफीग्राम शिळा होतो आणि अंदाज देणाऱ्याला जुन्याच आकड्यांवर भिस्त ठेवावी लागते.

रडार आहे ना, असं लोक विचारतात. डॉप्लर रडार मोलाचं आहे, पण ते पाहतं थेंब आणि गारा. थेंब होण्याआधीची वाफ त्याला दिसत नाही. दामिनी ॲप आसपास विजा पडू लागल्या की सावध करतं. उपग्रहाला जमिनीलगतचे पातळ थर वरून वेगळे ओळखणं अवघड जातं.

लेसरचं तंत्र इथेच कामाला येतं. यंत्र डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दोन किरण आलटून पालटून आकाशात सोडतं. दोघांची तरंगलांबी जवळजवळ सारखी, पण पाण्याची वाफ त्यांतला एक शोषून घेते आणि दुसऱ्याला सोडून देते. हवेतल्या धूलिकणांवरून दोन्ही परत येतात. पहिला किती क्षीण झाला यावरून वाफ किती ते कळतं, आणि परतायला किती वेळ लागला यावरून कोणत्या उंचीवर ते कळतं. अमेरिकेत रिचर्ड शॉटलंड यांनी १९६० च्या दशकात माणकाच्या लेसरने हे करून दाखवलं. आता तिथल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने आणि माँटाना राज्य विद्यापीठाने डायोड लेसरवर चालणारं, डोळ्यांना अपाय न करणारं, माणसाविना रात्रंदिवस चालू राहणारं यंत्र घडवलं आहे. दर काही मिनिटांनी ते साधारण चार किलोमीटरपर्यंतच्या बाष्पाचं चित्र देतं. २०१९ मध्ये ओक्लाहोमाच्या वादळी पट्ट्यात अशी पाच यंत्रं एकत्र चालवून पाहिली गेली.

या यंत्राला मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. दाट ढगातून लेसर पार होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाच्या तळाशीच त्याची नजर अडते. तेव्हा फुगा आणि रडार यांनाच पर्याय नाही. पण मार्च ते मे या काळात विदर्भ-मराठवाड्याच्या सकाळी बहुतेक निरभ्र असतात. ज्या ऋतूत आणि ज्या वेळी आपली माहिती सर्वांत तोकडी पडते, नेमकं तेव्हाच हे यंत्र उत्तम चालतं.

लेसरने हवा तपासणं आपल्याला नवं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात आर्गॉन लेसरने हवेतले धूलिकण मोजले. तिरुपतीजवळच्या गादंकीला १९९८ पासून लायडार, म्हणजे लेसरने हवेचा वेध घेणारं यंत्र, आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने दोन हजार कोटी रुपयांचं ‘मिशन मौसम’ मंजूर केलं. म्हणजे माणसं आहेत, अनुभव आहे आणि पैसा उभा करता येतो हेही दिसलं आहे.

माझी मागणी साधी आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे प्रत्येकी एक बाष्प-लायडार बसवा. फुगे बंद करू नका. लेसरचे आकडे त्यांच्याशी रोज ताडून पाहा. यंत्र सांभाळणाऱ्यांची पदं मंजूर करा, नाहीतर ते पहिल्याच बिघाडानंतर पडून राहील. आणि दर तासाचे आकडे अंदाजाच्या प्रारूपात जाऊ द्या. एकटं लेसर गारपीट सांगणार नाही, पण रडारवर पहिला ठिपका उमटण्याआधी धोक्याची दुपार कोणती हे ओळखायला त्याची मोठी मदत होईल. हरभऱ्याच्या गंजीवर ताडपत्री टाकायला आणि रानातल्या मजुरांना घरी पाठवायला दोन तास पुरतात. ते दोन तास मिळवून देण्यासाठीच वेधशाळा असते.