गंज परवान्याची मुदत पाळत नाही

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सान ओनोफ्रे अणुवीज केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय 2013 मध्ये जाहीर झाला. वीज थांबली, नफा थांबला. वापरलेले इंधन मात्र तेथेच आहे. पॅसिफिक महासागरापासून हाकेच्या अंतरावर ते स्टेनलेस स्टीलच्या 123 पिंपांत बंद आहे. पिंपाची भिंत सुमारे 16 मिलिमीटर जाडीची. बाहेर काँक्रीटचे कवच आणि त्यात हवा खेळण्याच्या वाटा.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा समज घरातील भांड्यांपुरता ठीक आहे. त्या वाटांतून खारे वारे आत शिरतात व पिंपावर मीठ साचते. इंधन तप्त असेतो पृष्ठभाग कोरडा राहतो. वर्षे उलटतात, पिंप निवते, मीठ हवेतील ओल शोषून पाझरू लागते. आणि वेल्डिंगच्या जोडाजवळ, जेथे धातूत ताण उरलेला असतो, तेथे सूक्ष्म तडे जाऊ शकतात. म्हणजे हा धोका प्रारंभी नव्हे, सर्वांचे लक्ष उडाल्यावर वाढतो.

मग राखण कोणी करावयाची? 1982 च्या कायद्यान्वये 31 जानेवारी 1998 पासून अमेरिकी सरकारने हे इंधन ताब्यात घ्यावयाचे होते. त्यासाठी 2014 पर्यंत वीजग्राहकांकडून निधी वसूल झाला. कायमचे कोठार आजही नाही. उलट, करारभंगाबद्दल वीज कंपन्यांना सरकारी तिजोरीतून अब्जावधी डॉलर्सची भरपाई मिळत आहे. जनतेने एकदा ग्राहक म्हणून आणि पुन्हा करदाता म्हणून पैसे मोजले.

हे दूरदेशीचे प्रकरण समजून चालणार नाही. तारापूर, कल्पाक्कम, कुडनकुलम ही आपली केंद्रेही समुद्रकाठचीच. इंधन पाण्याच्या टाकीत असो वा पिंपात, मीठ आणि धातू यांचे वागणे देश पाहून बदलत नाही. त्यातच डिसेंबर 2025 मध्ये संसदेने अणुवीज क्षेत्राचे दार खाजगी भांडवलाला उघडले आहे.

म्हणून कामगार चळवळीने आजच मागणी केली पाहिजे: साठवणीच्या तपासणीचा, दुरुस्तीचा व पिंपे बदलण्याचा खर्च कंपनीच्या नफ्यातून आगाऊ जमा करून घ्या, वीजदरातून नव्हे, तपासणीचे अहवाल जनतेपुढे ठेवा, आणि दोष उघड करणाऱ्या कामगाराला संरक्षण द्या. ऑगस्ट 2018 मध्ये सान ओनोफ्रे येथे भरलेले पिंप उतरविताना अडकले व सुमारे 18 फूट खाली कोसळण्याच्या बेतात होते. ही गोष्ट जाहीर सभेत सांगितली ती एका सुरक्षा कामगाराने.

परवाना 20 वा 40 वर्षांनी संपतो. गंजाचे काम त्यानंतरही चालूच राहते.